ह्यू डाउडिंग

एअर चीफ मार्शल ह्यू कॅसवॉल ट्रेमेनहीर डाउडिंग, पहिले बॅरन डाउडिंग (जन्म : मोफॅट, स्कॉटलंड, २४ एप्रिल १८८२, मृत्यू : रॉयल टनब्रिज वेल्स, इंग्लंड, १५ फेब्रुवारी १९७०) हे ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्समधील एक सेनाधिकारी होते. १९३६ ते १९४० या काळात ते फायटर कमांड या लढाऊ विमानांच्या विभागाचे प्रमुख होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने (लुफ्तवाफे) १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनवर केलेल्या आक्रमणाचा प्रतिकार त्यांच्या नेतृत्वाखाली झाला. हा संघर्ष ब्रिटनची लढाई या नावाने ओळखला जातो. ब्रिटिश राष्ट्राच्या चिवटपणाचे प्रतीक म्हणून ही लढाई आजही स्मरली जाते. मात्र ती जिंकणाऱ्या डाउडिंग यांना लढाई संपल्यावर महिनाभरातच पदावरून दूर करण्यात आले आणि लढाईच्या पहिल्या सरकारी वृत्तांतात त्यांचे नावही आले नाही.

प्रारंभिक जीवन

डाउडिंग यांचा जन्म स्कॉटलंडच्या दक्षिण भागातील मोफॅट या गावी झाला. त्यांचे वडील आर्थर डाउडिंग यांनी तेथे सेंट निनियन्स ही शाळा स्थापन केली होती. ह्यू यांचे प्राथमिक शिक्षण याच शाळेत झाले. पुढे ते विंचेस्टर कॉलेजात आणि तेथून वूलिच येथील रॉयल मिलिटरी अकॅडमीत गेले. १९०० मध्ये त्यांची रॉयल गॅरिसन आर्टिलरी या तोफखान्यात सेकंड लेफ्टनंट म्हणून नेमणूक झाली.

सुरुवातीच्या काळात त्यांनी जिब्राल्टर, सिलोन (श्रीलंका) आणि हाँगकाँग येथे सेवा केली. १९०४ मध्ये त्यांची बदली भारतात डोंगरी तोफखान्याच्या एका तुकडीत झाली. तेथे त्यांनी काही वर्षे काढली. १९१२ मध्ये त्यांनी कॅम्बर्ली येथील स्टाफ कॉलेजात प्रवेश घेतला. याच काळात त्यांना विमानविद्येची ओढ लागली. डिसेंबर १९१३ मध्ये ब्रुकलँड्स येथे विमान चालवण्याचे शिक्षण पूर्ण करून त्यांनी वैमानिकाचा परवाना मिळवला.

मितभाषी आणि शिस्तप्रिय स्वभावामुळे सहकाऱ्यांनी त्यांना स्टफी असे टोपणनाव दिले होते. ते आयुष्यभर टिकले.

पहिले महायुद्ध

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच डाउडिंग रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाले. विमानातून बिनतारी संदेश पाठवण्याच्या प्रारंभीच्या प्रयोगांशी त्यांचा निकटचा संबंध आला. हवेतील विमान आणि जमिनीवरील अधिकारी यांच्यातील संपर्काचा हा प्रश्न पुढे त्यांच्या कारकिर्दीचा गाभा ठरला. जुलै १९१५ मध्ये ते १६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे प्रमुख झाले.

१९१६ मध्ये सोमच्या लढाईत वैमानिकांची मोठी हानी झाली. थकलेल्या वैमानिकांना आळीपाळीने विश्रांती द्यावी, असा आग्रह डाउडिंग यांनी धरला. फ्रान्समधील दलाचे प्रमुख ह्यू ट्रेंचर्ड यांना हा आग्रह रुचला नाही. डाउडिंग यांना ब्रिटनमध्ये परत पाठवण्यात आले. युद्धाच्या उरलेल्या काळात त्यांच्याकडे आघाडीवरील नेतृत्व आले नाही, तरी १९१७ मध्ये त्यांना ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा मिळाला.

१९१८ मध्ये त्यांचा विवाह क्लॅरिस यांच्याशी झाला. १९१९ मध्ये त्यांना डेरेक हा मुलगा झाला. १९२० मध्ये क्लॅरिस यांचे निधन झाले. यानंतर अनेक वर्षे डाउडिंग यांचे घर त्यांची बहीण हिल्डा यांनी सांभाळले.

दोन युद्धांमधील काळ

१९१९ मध्ये डाउडिंग यांना नव्याने स्थापन झालेल्या रॉयल एअर फोर्समध्ये ग्रुप कॅप्टन म्हणून कायम करण्यात आले. इराक व पॅलेस्टाइन येथील नेमणुकांनंतर १९३० मध्ये ते हवाई मंडळावर पुरवठा व संशोधन विभागाचे सदस्य झाले.

या पदावर येऊन काही आठवडेच झाले असताना आर-१०१ या प्रचंड वायुनौकेचे प्रकरण घडले. ही वायुनौका इंग्लंडहून कराचीला निघणार होती. तिच्या उड्डाणयोग्यतेच्या प्रमाणपत्राला डाउडिंग यांनी तांत्रिक सल्लागारांच्या भरवशावर संमती दिली. ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समधील बोव्हे गावाजवळ ती कोसळली आणि ५४ पैकी ४८ जण मृत्युमुखी पडले. अधिक चाचण्यांचा आग्रह न धरणे ही आपली चूक होती, असे डाउडिंग यांनी पुढे मान्य केले.

त्यांच्या कारकिर्दीतच हवाई दलाने लाकूड व कापडाच्या द्विपंखी विमानांकडून वेगवान एकपंखी विमानांकडे वळण घेतले. हरिकेनच्या नमुना-विमानाचे पहिले उड्डाण नोव्हेंबर १९३५ मध्ये, तर स्पिटफायरचे मार्च १९३६ मध्ये झाले. याच सुमारास रॉबर्ट वॉटसन-वॅट यांनी रेडिओ लहरींच्या साहाय्याने विमानाचा वेध घेण्याची कल्पना मांडली. डाउडिंग यांनी निधी देण्यापूर्वी प्रत्यक्ष प्रयोगाची अट घातली. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेंट्री येथे हा प्रयोग यशस्वी झाला आणि डाउडिंग यांनी या संशोधनाला पाठिंबा दिला. पुढे हे तंत्र रडार या नावाने प्रसिद्ध झाले.

फायटर कमांड आणि डाउडिंग प्रणाली

१४ जुलै १९३६ रोजी फायटर कमांडची स्थापना झाली आणि डाउडिंग तिचे पहिले प्रमुख झाले. लंडनच्या वायव्येस स्टॅनमोर येथील बेंटली प्रायरी या जुन्या वाड्यात तिचे मुख्यालय होते. बॉम्बफेकी विमानांना रोखणे अशक्य आहे, म्हणून शत्रूवर उलट बॉम्बहल्ले करण्याची क्षमता हेच खरे संरक्षण, असे मत त्या काळी राजकारणी व हवाई अधिकारी यांच्यात प्रबळ होते. डाउडिंग यांना हे मत मान्य नव्हते. देशाचा तळ सुरक्षित नसेल तर युद्ध चालवताच येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

त्यांनी उभारलेल्या यंत्रणेला इतिहासकार डाउडिंग प्रणाली म्हणतात. तिचे कार्य पुढीलप्रमाणे चाले. किनाऱ्यावरील रडार केंद्रांची साखळी समुद्रावरून येणाऱ्या विमानांचा वेध घेत असे. विमाने किनारा ओलांडून आत आली की ऑब्झर्व्हर कोअरचे स्वयंसेवक दुर्बिणीने व कानांनी त्यांचा माग काढत. रडारची माहिती दूरध्वनीने बेंटली प्रायरी येथील छाननी कक्षात येई. तेथे परस्परविरोधी वार्ता पडताळून एकच चित्र तयार केले जाई आणि ते विभागीय गट व त्यांच्या अखत्यारीतील सेक्टर केंद्रांकडे पाठवले जाई. महिला साहाय्यक हवाई दलातील तरुणी मोठ्या नकाशा-मेजांवर लांब दांड्यांनी खुणांचे ठोकळे सरकवत असत. सेक्टरचा नियंत्रक त्यावरून वैमानिकांना रेडिओद्वारे दिशा व उंची सांगत असे.

या व्यवस्थेमुळे विमानांना सतत आकाशात गस्त घालण्याची गरज उरली नाही. इंधन, यंत्रे आणि विशेषतः माणसे यांची बचत झाली. संख्येने कमी असलेले दल योग्य वेळी योग्य ठिकाणी पोहोचू शकले. दूरध्वनीच्या तारा जमिनीखालून नेणे, धावपट्ट्या काँक्रीटच्या करणे, लढाऊ विमानांना गोळीरोधक काच बसवणे अशा बाबींसाठी डाउडिंग यांनी हवाई मंत्रालयाकडे सतत पाठपुरावा केला. या पाठपुराव्यामुळे त्यांचे अनेक वरिष्ठांशी संबंध बिघडले. १९३७ मध्ये हवाई दलप्रमुखाचे पद त्यांना डावलून सिरिल नेवॉल यांना देण्यात आले. डाउडिंग यांच्या निवृत्तीची तारीखही अनेकदा ठरली आणि अनेकदा पुढे ढकलली गेली. लढाईला तोंड फुटले तेव्हाही त्यांच्या पदाला स्थैर्य नव्हते.

मे १९४० चा निर्णय

१० मे १९४० रोजी जर्मनीने पश्चिम आघाडीवर चढाई केली. फ्रान्सचे सरकार ब्रिटनकडे अधिकाधिक लढाऊ विमाने मागू लागले. पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांचा कल मित्रराष्ट्राला मदत करण्याकडे होता. १५ मे रोजी डाउडिंग यांनी मंत्रिमंडळासमोर आपली बाजू मांडली आणि दुसऱ्या दिवशी हवाई मंत्रालयाला लेखी पत्र पाठवले. देशाच्या संरक्षणासाठी ५२ स्क्वॉड्रन आवश्यक मानल्या गेल्या असून ३६ च उरल्या आहेत, याकडे त्यांनी पत्रात लक्ष वेधले. पुरेसे दल मायदेशी राहिल्यास ब्रिटन फ्रान्सच्या पराभवानंतरही लढू शकेल. मात्र ते दल फ्रान्समध्ये खर्ची पडल्यास ब्रिटनचाही संपूर्ण पराभव होईल, असा त्या पत्राचा आशय होता. यानंतरही काही विमाने फ्रान्सच्या लढाईत उतरली आणि ब्रिटनने तेथे सुमारे ४५० लढाऊ विमाने गमावली. तरीही दलाचा गाभा शाबूत राहिला. अनेक इतिहासकार हा प्रसंग लढाईइतकाच निर्णायक मानतात.

ब्रिटनची लढाई

फ्रान्सच्या शरणागतीनंतर जर्मनीने इंग्लिश खाडी ओलांडून स्वारी करण्याची योजना आखली. त्यासाठी आधी हवाई वर्चस्व मिळवणे आवश्यक होते. जुलैमध्ये खाडीतील जहाजांवर हल्ले सुरू झाले. १३ ऑगस्टपासून मुख्य हवाई आक्रमणास प्रारंभ झाला.

फायटर कमांडचे चार गट होते. लंडन व आग्नेय इंग्लंडचे रक्षण करणाऱ्या ११ व्या गटावर सर्वाधिक भार पडला. त्याचे प्रमुख कीथ पार्क हे मूळचे न्यू झीलंडचे होते. डाउडिंग यांनी दैनंदिन डावपेच पार्क यांच्यावर सोपवले आणि स्वतः राखीव दल, स्क्वॉड्रनची अदलाबदल व वैमानिकांची भरपाई यांकडे लक्ष दिले. एकाच मोठ्या झुंजीत सर्व दल पणाला लावायचे नाही, हे त्यांचे मूळ सूत्र होते. जर्मनीला हवामान बिघडण्यापूर्वी विजय हवा होता. ब्रिटनला तोवर केवळ टिकून राहणे पुरेसे होते.

२४ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर हा सर्वांत कठीण काळ ठरला. लुफ्तवाफेने विमानतळांवर व सेक्टर केंद्रांवर हल्ले केंद्रित केले. या दोन आठवड्यांत फायटर कमांडचे १०३ वैमानिक ठार व १२८ गंभीर जखमी झाले. विमाने कारखान्यांतून येत होती. लॉर्ड बीव्हरब्रुक यांच्या मंत्रालयाने उत्पादन वाढवले होते. अनुभवी वैमानिक मात्र इतक्या वेगाने तयार होऊ शकत नव्हते. डाउडिंग यांनी सप्टेंबरच्या प्रारंभी स्क्वॉड्रनची तीन वर्गांत विभागणी केली आणि अनुभवी वैमानिक आग्नेयेकडील स्क्वॉड्रनकडे वळवले. त्यांचा मुलगा डेरेक हाही या काळात ७४ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये लढाऊ वैमानिक होता.

ऑगस्टच्या अखेरीस लंडनवर बॉम्ब पडले आणि ब्रिटिश विमानांनी बर्लिनवर प्रतिहल्ला केला. त्यानंतर ७ सप्टेंबरपासून जर्मनीने लंडनला लक्ष्य केले. शहराची मोठी हानी झाली, परंतु विमानतळांवरील ताण हलका झाला. १५ सप्टेंबर रोजी लंडनवर दोन मोठे हल्ले झाले आणि दोन्ही परतवले गेले. १७ सप्टेंबरला हिटलरने स्वारीची योजना अनिश्चित काळासाठी पुढे ढकलली.

या लढाईत ब्रिटनच्या बाजूने २,९०० हून अधिक वैमानिक व विमानकर्मचारी सहभागी झाले. त्यांपैकी ५४४ जण लढाईत मरण पावले. सुमारे एक पंचमांश लढवय्ये ब्रिटनबाहेरचे होते. त्यांत पोलंड, न्यू झीलंड, कॅनडा व चेकोस्लोव्हाकिया येथील वैमानिकांची संख्या मोठी होती. भारतातील हैदराबाद संस्थानाचे नाव धारण करणाऱ्या १५२ व २५३ या क्रमांकांच्या स्क्वॉड्रनही या लढाईत होत्या. मराठवाडा त्या काळी याच संस्थानाचा भाग होता.

पदावरून दूर होणे

लढाई चालू असतानाच डावपेचांवरून वाद पेटला. १२ व्या गटाचे प्रमुख ट्रॅफर्ड ली-मॅलरी यांचा अनेक स्क्वॉड्रन एकत्र करून मोठा झुंड-हल्ला करण्यावर भर होता. स्क्वॉड्रन लीडर डग्लस बेडर हे या पद्धतीचे मोठे पुरस्कर्ते होते. अशी जमवाजमव होईपर्यंत शत्रू बॉम्ब टाकून परत फिरतो, असे पार्क यांचे म्हणणे होते. डाउडिंग यांनी आपल्या दोन गटप्रमुखांमधील हा कलह वेळीच मिटवला नाही, अशी टीका त्यांच्यावर होते. १७ ऑक्टोबर रोजी हवाई मंत्रालयात झालेल्या बैठकीत डाउडिंग व पार्क यांच्या धोरणाची उलटतपासणी झाली.

याच सुमारास रात्रीचे बॉम्बहल्ले वाढले होते. अंधारात शत्रूचे विमान गाठण्यासाठी विमानातच रडार हवे, हे डाउडिंग यांचे मत पुढे खरे ठरले. पण ते तंत्र तेव्हा परिपक्व झाले नव्हते आणि लोक रोज मरत होते. नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांच्या जागी शोल्टो डग्लस यांची नेमणूक झाली. पार्क यांनाही ११ व्या गटातून हलवण्यात आले. डाउडिंग यांना विमान-उत्पादनाच्या कामासाठी अमेरिकेला पाठवले गेले. जुलै १९४२ मध्ये ते निवृत्त झाले. १९४३ मध्ये त्यांना बेंटली प्रायरीचे बॅरन ही पदवी मिळाली. हवाई दलातील सर्वोच्च हुद्दा मात्र त्यांना कधीच देण्यात आला नाही.

लढाईचे राष्ट्रीय प्रतीकात रूपांतर

ब्रिटनच्या लढाईचे नाव लढाईच्या आधी आले. चर्चिल यांनी १८ जून १९४० च्या भाषणात येऊ घातलेल्या संघर्षाला हे नाव दिले. २० ऑगस्टच्या भाषणात त्यांनी मोजक्या वैमानिकांविषयी राष्ट्राची कृतज्ञता व्यक्त केली आणि तेव्हापासून हे वैमानिक इंग्रजीत मोजके याच अर्थाच्या शब्दाने ओळखले जाऊ लागले.

प्रतीक घडण्यास परिस्थितीही अनुकूल होती. ही लढाई दूरच्या रणभूमीवर झाली नाही. केंट व ससेक्सच्या शेतांतून, लंडनच्या गच्च्यांवरून सामान्य लोक ती पाहू शकत होते. बीबीसीचे चार्ल्स गार्डनर यांनी १४ जुलै रोजी डोव्हरजवळील हवाई झुंजीचे वर्णन नभोवाणीसाठी केले. एखाद्या खेळाप्रमाणे केलेल्या या समालोचनावर टीकाही झाली. वृत्तपत्रे पाडलेल्या विमानांचे आकडे धावफलकासारखे छापत. १५ सप्टेंबरला १८५ जर्मन विमाने पाडल्याचे जाहीर झाले. युद्धानंतर जर्मन नोंदींवरून हा आकडा ६० च्या आसपास असल्याचे दिसून आले. तरीही तोच दिवस ब्रिटनची लढाई दिन म्हणून रूढ झाला. स्पिटफायर निधीमुळे लोकांचा सहभाग वाढला. एका विमानाची नाममात्र किंमत ५,००० पौंड धरून गावे, कारखाने आणि वसाहतींतील संस्था वर्गणी गोळा करत. प्रत्यक्षात लढाईत हरिकेन विमानांची संख्या अधिक होती. लोकस्मृतीत स्थान मिळवले ते स्पिटफायरने.

या प्रतीकात डाउडिंग यांच्या कार्याला जागा मिळणे कठीण होते. रडार हे लष्करी गुपित असल्याने त्याविषयी उघडपणे लिहिता येत नव्हते. त्यामुळे नकाशा-मेजे, दूरध्वनी आणि छाननी कक्ष यांच्याऐवजी एकाकी तरुण वैमानिकाचे चित्र लोकांसमोर राहिले. १९४१ मध्ये हवाई मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेच्या लाखो प्रती खपल्या, पण तिच्यात डाउडिंग यांचा उल्लेख नव्हता. या गोष्टीवर चर्चिल यांनी नाराजी दर्शवली. लढाईच्या तारखाही पुढे बदलल्या. पुस्तिकेने आरंभ ८ ऑगस्ट धरला होता. डाउडिंग यांनी १९४१ मध्ये सादर केलेल्या व १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात १० जुलै ही तारीख सुचवली आणि तीच ब्रिटनमध्ये मान्य झाली.

प्रतीकाच्या मर्यादांचीही चर्चा झाली आहे. अँगस कॅल्डर यांच्यासारख्या इतिहासकारांनी १९४० च्या राष्ट्रीय एकजुटीच्या कथेत भीती, वर्गभेद व अव्यवस्था झाकल्या गेल्याचे दाखवले. एकाकी ब्रिटन या प्रतिमेत वसाहतींचे मनुष्यबळ व संपत्ती तसेच निर्वासित पोलिश व चेक वैमानिक यांचे योगदान दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. दुसरीकडे, लढाईचा परिणाम केवळ कथेपुरता नव्हता. ब्रिटन युद्धात टिकून राहिल्यामुळेच पुढे पश्चिम युरोपच्या मुक्ततेसाठी तळ उपलब्ध झाला.

उत्तरायुष्य

निवृत्तीनंतर डाउडिंग परलोकविद्येकडे वळले. मृत्यूनंतरच्या जीवनावर त्यांनी मेनी मॅन्शन्स (१९४३), लिचगेट (१९४५) ही पुस्तके लिहिली. युद्धात मृत्यू पावलेल्या वैमानिकांचे संदेश आपल्याला मिळतात, अशी त्यांची श्रद्धा होती. या मतांमुळे त्यांची थट्टा झाली. मुले गमावलेल्या अनेक कुटुंबांना मात्र त्यातून दिलासा मिळाला.

१९५१ मध्ये त्यांनी म्युरिएल व्हाइटिंग यांच्याशी दुसरा विवाह केला. म्युरिएल यांचे पहिले पती हवाई दलात होते आणि युद्धात मरण पावले होते. डाउडिंग शाकाहारी झाले आणि प्राण्यांवरील प्रयोगांच्या विरोधात त्यांनी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये भाषणे केली. म्युरिएल यांनी ब्यूटी विदाउट क्रुएल्टी ही प्राणिदयेचा प्रसार करणारी संस्था स्थापन केली. तिच्या प्रेरणेने १९७४ मध्ये भारतातही याच नावाची संस्था सुरू झाली. तिचे मुख्यालय पुण्यात आहे.

निधन व स्मारके

१९६९ मध्ये प्रदर्शित झालेल्या बॅटल ऑफ ब्रिटन या चित्रपटात लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी डाउडिंग यांची भूमिका केली. चित्रीकरणाच्या वेळी वृद्ध डाउडिंग चाकांच्या खुर्चीतून तेथे गेले होते. १५ फेब्रुवारी १९७० रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमधील रॉयल एअर फोर्सच्या चॅपलमध्ये ठेवण्यात आल्या. बॅरन ही पदवी त्यांचा मुलगा डेरेक यांच्याकडे गेली.

मोफॅट येथे त्यांचे स्मारक आहे. लंडनमधील सेंट क्लेमेंट डेन्स या हवाई दलाच्या चर्चसमोर १९८८ मध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला. बेंटली प्रायरी येथे २०१३ पासून संग्रहालय असून डाउडिंग यांची कचेरी व त्यांनी उभारलेल्या छाननी कक्षाचे कार्य तेथे दाखवले जाते.